तीस टक्क्यांचा नमुना

फेब्रुवारी लागला की लातूरला हवेचा वास बदलतो. मोंढ्याकडून हरभऱ्याची धूळ येते, झेरॉक्सच्या दुकानांतून गरम कागदाचा वास येतो, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांमध्ये वर्षभर बंद असलेली कपाटं उघडल्याचा एक कुबट दर्प भरून राहतो. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासांवर शिकवते आणि संध्याकाळी एका क्लासमध्ये. क्लासच्या फलकावर माझ्या नावाआधी 'डॉ.' आहे, नावापेक्षा ठळक. पालक ते वाचतात आणि मुलांना आत पाठवतात. कशातली डॉक्टर, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

या वर्षीच्या परीक्षेत एक मुलगी तारेची लांबी आणि रोध यांचा आलेख काढत होती. सहा बिंदू. पाच एका ओळीत, एक जरा वर निसटलेला. तिने मला हाक मारली.

"मॅडम, ह्यो एक लाइनीवर येईना. खोडू का?"

मी पलीकडच्या टेबलावरचं जोडणीचं काम बघत होते. मान न वळवता म्हणाले, "खोड."

तिने खोडरबर फिरवलं, कागदावरचा रबराचा चुरा फुंकरीने उडवला, पट्टी ठेवली आणि सरळ रेघ ओढली. छान आलेख झाला. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. 'पुन्हा मोजून बघ' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? तीन मिनिटं. ते माझ्या तोंडात आलंच नाही. आलं ते 'खोड'. इतकं सहज आलं की मलाच माझी भीती वाटली.

नांदेडचा तो उन्हाळा मी बरीच वर्षं नजरेआड ठेवला होता. त्या दिवशी बेसिनपाशी तो समोर येऊन उभा राहिला.

मी पीएच.डी. केली ती आमची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या एका बाजूच्या इमारतीत होती. पत्र्याची शेड जोडलेली एक लांब खोली. तिच्यात एक भट्टी, एक निर्वात पंप, अगेटच्या कठीण दगडाचा एक खल, आणि खिडकीला वाळ्याचा पडदा, ज्यावर आम्ही आळीपाळीने पाणी मारायचो. आमच्या मार्गदर्शक सरांनी ती खोली शून्यातून उभी केली होती. हे मी नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला ते दुष्ट वाटतील. तसे ते नव्हते. पंप बिघडला की स्वतः बाह्या सारून उघडायचे. आम्ही जेवलो की नाही हे विचारायचे. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी संशोधन करते याचं त्यांना माझ्या वडिलांपेक्षा जास्त कौतुक होतं.

विषय होता लोखंडाचा. लोखंड आणि अतिवाहकता. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, ही अतिवाहकता. आणि चुंबकत्व तिचा वैरी, असं आम्ही पुस्तकात शिकलो होतो. लोखंड म्हणजे तर चुंबकत्वाचं घर. त्यामुळे लोखंडाचीच काही संयुगं अतिवाहक निघतात हे कळलं, तेव्हा जगभरच्या लोकांनी आपापल्या भट्ट्या पेटवल्या. आमचीही त्यांतली एक. आम्ही लोखंड आणि टेल्युरियम घ्यायचो आणि टेल्युरियमच्या जागी थोडं थोडं सेलेनियम घालत जायचो. दहा टक्के, पंधरा, वीस, असं. मग प्रत्येक नमुना किती तापमानाला काय होतो ते पाहायचं. आडव्या रेघेवर सेलेनियम, उभ्या रेघेवर तापमान, आणि मधे नकाशा. त्याला फेज डायग्राम म्हणतात. डावीकडे चुंबकत्वाचा मुलूख, उजवीकडे अतिवाहकतेचा. डावीकडचं चुंबकत्वही खिळा चिकटवणारं नव्हे. एक अणू वर तोंड करतो, शेजारचा खाली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, आत मात्र सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे. सेलेनियम वाढवत गेलं की ही शिस्त मोडते आणि वीज मोकळी होते. नेमकी कुठे मोडते, मधे दोन्ही एकत्र नांदतात का, एवढाच प्रश्न. पण त्या एवढ्याशा प्रश्नावर आमची तीन वर्षं गेली.

नमुने करायचा मन्मथ. तो माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. उदगीरचा, घरी धान्याची आडत, घरात बोलणं कानडी आणि बाहेर मराठी. गळ्यात लिंग, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. मी मोजमापांची, तो नमुन्यांचा, अशी वाटणीच पडली होती. खलात पूड घोटताना तो मनातल्या मनात फेऱ्या मोजायचा आणि कुणी मधेच बोललं तर पहिल्यापासून सुरू करायचा. मला हसू यायचं.

"अरे, दहा फेऱ्या कमी झाल्या तर काय होतंय?"

"काय होतंय ते माहीत न्हाई म्हणूनच मोजायचं ना ताई."

घोटलेली पूड दाबून गोळी करायची, गोळी काचेसारख्या दिसणाऱ्या क्वार्ट्झच्या नळीत घालायची, नळीतली हवा काढून ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करायचं. ज्योतीच्या उजेडात त्याचा चेहरा घामाने चमकायचा. मग नळी दोन-तीन दिवस भट्टीत. सेलेनियमला कुजक्या मुळ्यासारखा वास यायचा. टेल्युरियमचं आणखी विचित्र. अंगात एवढासा कण गेला तरी कित्येक दिवस श्वासाला लसणाचा वास. सुट्टीत घरी गेले की आई नाक दाबायची. "किती लसूण खाल्लीस गं? जवळ बसवंना." मी तिला सांगायचे, ते लसूण नाही, ते माझं शिक्षण आहे. आम्ही दोघी हसायचो. त्या काळातलं एवढंच हसणं मला आठवतं.

मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. नमुना थंड करायला द्रवरूप हेलियम लागायचं, ते हैदराबादच्या एका संस्थेत मिळायचं. तिथे दोन दिवसांची पाळी मिळाली की मी कापसात गुंडाळलेल्या डब्या पर्समध्ये घालून रेल्वेत बसायचे. त्या एप्रिलच्या मध्यावर मी नऊ नमुने घेऊन गेले. बाहेर डांबर चिकट झालेलं, आणि आत यंत्रातून पांढऱ्या वाफा खाली सांडत होत्या. पडद्यावर रोधाची रेघ हळूहळू उतरायची आणि एका तापमानाला धाडकन शून्यावर पडायची. ती पडली की मला माझं माणूस घरी पोचल्यासारखं वाटायचं.

आठ नमुने नीट वागले. कुणी चुंबकत्व दाखवलं, कुणी अतिवाहकता, जिथे दाखवायला हवं तिथे. नववा, तीस टक्के सेलेनियमचा, वागला नाही. डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांची रेघ शून्यावर आली होती. याची खाली उतरलीच नाही, उलट तळाशी जरा वर चढली. आणि चुंबकत्वाच्या मापनात, जिथे काही नसायला हवं तिथे, एक उंचवटा. मी तो पुन्हा लावून पाहिला. तसाच.

मी परत आल्यावर मन्मथ तो आलेख हातात धरून शेडच्या दारात बराच वेळ उभा होता. त्याच्या मागे ऊन इतकं होतं की त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"ताई, हितं चुंबकत्व गेलंच न्हाई अजून. मधेच एक पट्टी हाय अशी. कुणाला दिसली नसंल."

"किंवा नमुना खराब असेल."

"आसंल. मग परत करू की. मला पंधरा दिवस द्या."

पंधरा दिवस नव्हते. महिनाअखेरीला विभागात परिसंवाद होता, बाहेरून मोठी माणसं येणार होती, आणि त्यांच्या मतावर आमच्या खोलीचं पुढचं अनुदान अवलंबून होतं. सरांनी सगळे आलेख टेबलावर पसरले आणि तिसाच्या आलेखावर पेन्सिल उलटी धरून टकटक केली.

"संगीता, हा नमुना वगळ. खराब दिसतोय."

"सर, एकदा पुन्हा करून बघू या का?"

"बघू ना. नंतर बघू. आत्ता नकाशा स्वच्छ हवा."

मी वगळला. फाइलमधली एक ओळ निवडली आणि कळ दाबली. उरलेल्या आठ बिंदूंमधून इतकी सुरेख कमान गेली की मीच तिच्याकडे बघत राहिले.

परिसंवादाचा दिवस एप्रिलच्या शेवटचा. सभागृहातले कूलर एवढे घरघरत होते की बोलणाऱ्याला ओरडावं लागे. मी नेसलेली साडी वहिनीची होती. माझं वाचन झालं, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले पाहुणे प्राध्यापक, पांढऱ्या केसांचे, मृदू आवाजाचे, त्यांनी विचारलं, "पंचवीस आणि पस्तीसच्या मधे तुमच्याकडे नमुना नाही. नेमकं तिथेच काहीतरी घडू शकतं. केला नाही का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मन्मथ उभा राहिला होता.

"केलाय सर. तीस टक्क्यांचा. मोजलाय बी. त्याच्यात अतिवाहकता दिसत न्हाई."

कूलर घरघरत राहिले. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी नेहमीचा, पंप दुरुस्त करतानाचा.

"संगीता, मोजमापं तू केलीस. असं काही आहे का?"

त्या क्षणी मला काय काय दिसलं ते मी आजही एकेक करून सांगू शकते. सरांच्या कपाळावरचा घाम. पाहुण्यांचं उघडं पेन. शेवटच्या प्रकरणाशी थांबलेला माझा प्रबंध. गावाकडे माझ्या लग्नाचं पुढे ढकलत आलेलं बोलणं. मन्मथचा चेहरा मात्र दिसला नाही, कारण मी तिकडे बघितलंच नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "तो नमुना मोजलाच नव्हता."

पाहुण्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. "मग मोजून घ्या," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न आला. खुर्ची पुन्हा सरकली. तो बसला असेल, किंवा बाहेर गेला असेल.

दुसऱ्या दिवशी तो आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, भांडलाही नाही. कपाटातून तीस टक्क्यांच्या नमुन्याची डबी घेतली, आपला खल धुऊन पालथा घातला आणि गेला. मे महिनाभर विभाग सुट्टीवर होता. जूनमध्ये सरांना त्याचं एक पत्र आलं, की या कामावरच्या शोधलेखावर आपलं नाव नको आणि नोंदणीही रद्द करावी. सर म्हणाले, "व्यापाऱ्याचं पोरगं. टिकणार नव्हतंच." आणि त्याचं नाव काढलं. म्हणजे ते आठही नमुने ज्याच्या हातांनी झाले, त्याचं नाव त्या लेखावर नाही. माझं पहिलं आहे.

मला पदवी मिळाली. जागा मिळाली नाही. एका मुलाखतीला गेले, दुसऱ्या, सातव्या. कुठे जागाच गोठलेली, कुठे ती आधीच कुणाची तरी असायची. लग्न झालं, लातूरला आले, तासांवर शिकवू लागले. ज्यासाठी खोटं बोलले ते मिळालं नाही, याचं दुःख करायलासुद्धा मला तोंड नव्हतं. मिळालं असतं तर खोटं बरोबर ठरलं असतं का? उन्हाळे येत गेले. दर एप्रिलला कुठेतरी कूलर सुरू व्हायचा आणि मी खोलीतून उठून बाहेर जायचे. नवऱ्याला वाटायचं मला सर्दीचा त्रास आहे.

त्यातही मी माझी एक समजूत करून ठेवली होती. की तो नमुना खरा होता. मन्मथला दिसलेली ती पट्टी खरोखर होती आणि आम्ही एक मोठी गोष्ट गाडून टाकली. या समजुतीत दुःख होतं, पण त्यात एक भव्यपणाही होता. आपण गमावलं ते काहीतरी मोठं होतं, असं म्हणत जगता येतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेनंतरच्या रविवारी मी उदगीरच्या एसटीत बसले. दुकान शोधायला त्रास पडला नाही. मोंढ्यात मन्मथ म्हटल्यावर दोघांनी बोट दाखवलं. हरभऱ्याची आवक जोरात होती, पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत गेले. तो ओलावा मोजायच्या यंत्रापाशी बसला होता. केस पांढरे झालेत, शर्टाचं वरचं बटण तसंच लावलेलं. समोरचा शेतकरी म्हणत होता, एवढा ओलावा नसणार. मन्मथने काही न बोलता यंत्र रिकामं केलं, पोत्याच्या दुसऱ्या बाजूने मूठभर हरभरा घेतला आणि पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा. आकडा त्याला दाखवला. मग वर पाहिलं.

"संगीताताई," तो म्हणाला. जणू मी काल येऊन गेले होते. "बसा."

दुकानामागेच घर. त्याची आई बाहेर आली, मला ओळखत नसताना कानडीत "बर्री, कूडरी", या, बसा, म्हणत सतरंजी टाकली, पाणी ठेवलं. मी वाटेत जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरले आणि एका दमात बोलले. मी खोटं बोलले होते. नमुना मोजला होता. तुझी पट्टी खरी होती आणि मी ती पुसली.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "पट्टी खरी नव्हती ताई."

"म्हणजे?"

"सॅम्पल खराबच होतं. मे महिन्यात मी परत गेलतो तिथं. शिपायानं शेड उघडून दिली. डबीतलं सॅम्पल तोडून निम्मं तपासून आणलं. लोखंड जास्त झालतं त्याच्यात. नळीच्या भिंतीला टेल्युरियम चिकटून राहिलं आसंल, तेवढं कमी पडलं, अन् जास्तीचं लोखंड जागा नसताना मधे घुसून बसलं. त्यानंच सगळं बिघडलं. उरलेलं निम्मं टेल्युरियमच्या वाफेत भाजलं, हैदराबादला जाऊन मोजून आणलं." त्याने बोटाने सतरंजीवर एक उतार काढला. "बरोबर तुमच्या लाइनीवर आलं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळत होते ते काही नव्हतंच. मी जवळजवळ हसले.

"मग तू मला कळवलं का नाहीस? सरांना तरी?"

"काय कळवू?" त्याचा आवाज चढला नाही. "जे सॅम्पल मोजलंच न्हाई, त्याचा रिझल्ट कुणाला सांगणार?"

त्याने सतरंजीवरचा तो उतार तळव्याने पुसल्यासारखं केलं.

"सर म्हणले खराब हाय. ते बरोबर निघालं. पर त्यांना ते माहीत नव्हतं ताई. तुमाला बी नव्हतं. मला बी नव्हतं. माहीत करून घ्यायला पंधरा दिवस लागत होते." मग थोडं थांबून, बाहेरच्या पोत्यांकडे बघत म्हणाला, "सॅम्पल खराब होतं. पर मोजलं होतं."

त्याच्या आईने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. तो दुकानाचं बोलला, मी परीक्षांचं. माझी ती भव्य समजूतही आता नव्हती. राहिलं होतं फक्त एक साधं, सपाट खोटं. त्याच्या पोटात काही दडलेलं नव्हतं, ना शोध, ना दुर्दैव.

एसटीपर्यंत सोडायला तो स्वतःच्या गाडीवरून आला. स्टँडवर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, उन्हात तापलेले बाक. लातूरची गाडी लागायला वेळ होता. त्याने बोलता बोलता विचारलं, "ताई, थोरल्या भावाची पोरगी यंदा धाव्वीला हाय. जूनमध्ये लातूरलाच टाकावं म्हणायलोय. फिजिक्स आवडतंय तिला. क्लास कोणता चांगला?"

मला वाटलं, हे त्याने मुद्दाम विचारलं. मला काहीतरी करू द्यावं म्हणून.

"अरे, माझ्याकडेच पाठव ना. मी स्वतः शिकवीन. घरी ठेवून घेते हवं तर."

तो गाडीची किल्ली हातात फिरवत राहिला. मग मान वर केली, आणि मी त्या सभागृहात टाळली होती ती नजर त्याने पहिल्यांदाच माझ्या नजरेला दिली. तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"न्हाई ताई. तुमच्याकडं नको. वाईट वाटून घेऊ नका. दुसरा कोणता चांगला असंल तर सांगा."

मी पर्समधून कागद काढला आणि आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका क्लासचं नाव लिहून दिलं. तिथले शिक्षक चांगले आहेत. त्याने ते वाचलं, कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. लातूरची गाडी लागली. मी खिडकीची जागा धरली आणि बाहेर पाहिलं, तेव्हा तो मोंढ्याच्या दिशेने निघूनही गेला होता.